टँकरपुढचा फोटो

वाळूजच्या एका कारखान्याचे जनसंपर्क अधिकारी बजाजनगरात माझे शेजारी आहेत. कुणीही गाऱ्हाणं सांगितलं की यांचं हसून एकच उत्तर असतं: "अडचण म्हणू नका हो, संधी म्हणा!"

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या कारखान्याचं घाण पाणी जवळच्या वस्तीच्या विहिरीत उतरलं आणि लेकरं आजारी पडली. यांनी कंपनीचा फलक लावून टँकर नेला, सोबत फोटोग्राफर, आणि 'कार्यक्रम' बघायला मलाही. एका बाईचा हंडा भरला, तर हे म्हणाले, "मावशी, फोटो नीट नाय आला. हंडा रिकामा करा, परत भरू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मावशी मात्र शांतपणे म्हणाली, "फोटू काढायचाच तर आमच्या हिरीचा काढा." आणि भरला हंडा डोक्यावर घेऊन ती चालू लागली.

आता तरी हा माणूस ओशाळेल, असं मला वाटलं. पण त्यांनी फोटोग्राफरला हाक मारली, "अरे, पाठमोरी घे पटकन! लई भारी येईल."

तो फोटो आज कारखान्याच्या फाटकावर झळकतोय. खाली लिहिलंय, 'आम्ही गावासोबत'. विहिरीला अजून तसाच वास येतो.