आंधळ्या पडद्याची तडतड

डोळ्याच्या आतल्या पडद्याचा अभ्यास करण्यात अर्धं आयुष्य गेलं, आणि सख्ख्या भावाची नजर मात्र वाचवता येईना! कुणाला सांगणार हे? दादाला आता फक्त समोरचं तेवढं दिसायचं. पाण्याचा पेला चाचपडत तो वर आपल्या या बहिणीलाच चिडवायचा, "काय शास्त्रज्ञ, उंदरांचं उरकलं की माझा नंबर ना?" ती हसायची. त्यातच दादाच्या लेकीलाही तोच आजार निघाला. पोरीला सांगायचा त्याला अजून धीर झाला नव्हता.

तिचा खटाटोप आंधळ्या उंदरांवर चालायचा. त्यांच्या पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी मेलेल्या; मागे उरलेल्या पेशींना औषध देऊन तेच काम शिकवायचं. पेशी जागी झाली की पडद्याला लावलेल्या तारेतून स्पीकरवर तडतड ऐकू येते. पण आजवर कितीही चित्रं दाखवा, स्पीकर आपला ढिम्म! ही शेवटची फेरी, असं संस्थेने बजावलं होतं.

त्या सकाळी अंधारखोलीत औषध दिलेल्या उंदराचा काढून घेतलेला पडदा पंपाने खेळत्या ठेवलेल्या कोमट द्रावात ठेवला, आणि चित्र लावायच्या आधीच तडतड सुरू. आता बोला!

"गेला हाही," सहकारीण म्हणाली. "समोर काही नसताना बडबडतोय. तार सैल असणार. टाकून देऊ?"

"दे टाकून," ती वैतागून म्हणाली आणि स्वतःच हात पुढे केला. मनगटावर हिरवा ठिपका पडला. अगं बाई, पंपाचा दिवा! अंधारखोलीतला प्रत्येक दिवा काळ्या पट्टीने झाकायचा, हा इथला पहिला धडा. काल पंप पुसताना पट्टी तिनेच काढली होती आणि लावायला साफ विसरली होती.

कपाळावर हात मारून घेणार, तोच ती थबकली. दिव्यावर अंगठा ठेवला. तडतड बंद. अंगठा उचलला, पुन्हा सुरू.

"तार कसली डोंबलाची! अगं, याला दिसतंय!"

"काहीतरीच!" म्हणत सहकारिणीनेही अंगठा ठेवून पाहिला. मग औषध न दिलेला पडदा ठेवून पाहिला. तो गप्पच राहिला. दोघींनी अंधारात अशा काही उड्या मारल्या की स्टूल आडवं झालं.

बाहेर येऊन तिने दादाला फोन लावला. सगळं सांगितलं आणि म्हणाली, "पण माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील, दादा. तुझ्या वेळेत होईलच असं नाही."

"माझं राहू दे गं," तो म्हणाला. "आज पोरीला सांगून टाकतो."