ईडन प्रेरीतला तेरडा

मिनियापोलिसच्या विमानतळावर मला घ्यायला आलेल्या धाकट्या बहिणीने, मेधाने, गाडी सुरू करायच्या आधीच विषय काढला. "दादा, आईंना घेऊनच जा. त्या इथे रुळत नाहीयेत. आम्ही सगळं ट्राय केलं यार."

आई म्हणजे तिच्या सासूबाई; मी त्यांना काकू म्हणतो. गुहागरचं घर बंद करून मुलाकडे आणलेल्या. परतताना त्यांना सोबत करायची, या अटीवर मी चकटफू अमेरिका बघायला आलो होतो. तिकडे एकटीकडे कोण बघणार, हे मेधालाही ठाऊक नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि मला माझ्या फुकट तिकिटाची लाज वाटली.

ईडन प्रेरीच्या घरी काकू सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या, एसटीची वाट बघत असल्यासारख्या. गौरी परवावर आलेल्या. मेधाने ऑनलाइन मुखवटा मागवला होता.

"आमच्यात तेरड्याची गौर," काकू म्हणाल्या. "पाणवठ्यावरून मुळासकट आणायची. मुखवटा तुम्ही मिरवा. मी बॅग भरते."

मी तेरडा शोधायला बाहेर पडलो. तळ्याकाठी मुबलक झाडोरा होता, पण 'काहीही तोडू नये' अशी पाटीही होती. परतताना शेजारची लिंडा, पिकल्या केसांची गप्पिष्ट बाई, अंगणात तण काढताना भेटली. तिने हौसेने बाग दाखवली, एकेका फुलाच्या नावासकट. ही काळ्या डोळ्यांची सुझन. ही शिंकांची झुडपं. वसंतात इथे डचमनची विजार फुलते म्हणे. विजार! मी हसू दाबलं. पण आपण तरी कुठले सभ्य? एका फुलाला घाणेरी म्हणतो, दुसऱ्याला कळलावी (भांडणं लावणारी) ठरवून मोकळे होतो.

"आणि ही माझी डोकेदुखी," लिंडाने कुंपणाजवळची ओली चर दाखवली. पाणीदार देठ, मागे शेपटी असलेली केशरी फुलं. "टच-मी-नॉट."

"मुळासकट नेऊ?"

"सगळं ने. उद्याही ये!"

काकूंनी जुडी न्याहाळली. "हा तेरडा नव्हे. तेरडा गुलाबी असतो." तरी त्यांनी एक फुगीर शेंग चिमटीत धरली. फट्! बी थेट माझ्या चहात. काकू खळखळून हसल्या. मेधा स्वयंपाकघरातून धावत आली; हे हसू तिने या घरात ऐकलंच नव्हतं.

"मेला तेरडाच की! शेंग अगदी तश्शीच फुटते. इथे काय म्हणतात याला?"

मी अर्थ सांगितला: मला शिवू नका.

"म्हणजे सोवळ्यातला! गुहागरचा तरी कुठे एवढा कडक होता?"

जुडीला साडी नेसवली. लिंडा बुटांसकट देवासमोर आली. काकूंनी डोळे मिटून घेतले, बूट काढायला लावले आणि तिला घावन-घाटलं (तांदळाची जाळीदार धिरडी आणि गोड खीर) पोटभर वाढलं.

विसर्जनाला आम्ही त्याच चरीपाशी गेलो. काकू एकेक पिकली शेंग चिखलावर धरून फोडत होत्या.

"आई, हे काय करताय?" मेधाने विचारलं.

"पुढच्या वर्षी पुरायला नको?"

बॅगेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

परतीच्या विमानात काकूंच्या रिकाम्या खुर्चीवर मी ऐसपैस पाय ठेवले. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण हिणवून म्हणतो. इथे तीन दिवसांत त्याने जे केलं, ते लेक-सुनेला वर्षभर जमलं नव्हतं. पुण्यात उतरताच मेधाचा फोन आला.

"दादा, आई लिंडाच्या अंगणात भांडतायत. ती उरलेला तेरडा उपटायला निघाली होती."

"कुठल्या भाषेत भांडतायत?"

"मराठीत. आणि जिंकतायत."

मी निश्चिंत झालो. शेजारणीशी भांडायला लागली म्हणजे बाई रुळली.