साफ रक्ताचं गाव

लिव पुनम, मले लिवता येत नाई. वारलूची रीना आमच्या शेजारची, म्हणून जेवढं मले ठाऊक हाय तेवढं सांगतो.

रीना चार वर्षांची होती तवा तिले असं हिव भरलं का दात वाजून राह्यले होते. रस्ता नव्हता. वारलूनं अन् त्याच्या भावानं तिले खाटेवर टाकून हेमलकशाच्या दवाखान्यात नेलं. वाचली. तिच्या मागची पोट्टी मातर हिवानंच गेली, नाला भरून होता, नेताच नाई आलं. सोनीबाई, म्हणजे रीनाची माय, त्या लेकराचं नाव अजून घेत नाई.

रीना आश्रमशाळेत शिकली, मंग वरोऱ्याले कॉलेज, मंग नागपूर, मंग पुणे. आमाले वाटे, आता थांबन. नाई थांबली. एक दिवस घरी आली अन् म्हणे, "आजी, मी डॉक्टर झाली."

मी गुडघा पुढं केला. "मंग हे पाह्य माय, चढताना करकर करते."

"तशी डॉक्टर नाई वो आजी. मी हिवाच्या किड्याचा अभ्यास करतो."

"म्हणजे माणूस पडला तरी चालते, किडा तेवढा धड पायजे?"

हासली खूप. पण खोटं नव्हतं ते. डॉक्टर झाल्यावर तिले आणखी पुढची दोन वर्षांची नोकरी भेटली, त्याले पोस्टडॉक म्हणते. तिथी एक मशीन हाय, दोन माणसं एकावर एक उभे केले तरी त्याच्याहून उंच. आमचा हिवतापवाला पोचू रक्त पाहते त्या दुर्बिणीत उजेड असते, यात उजेड नाई, इलेक्ट्रॉन असते. ते काय असते मी दोनदा विचारलं, तिनं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा विचाराची मले लाज वाटली. रक्ताचा थेंब इतक्या लवकर गोठवते म्हणे, का किड्याले मरायचंही कळत नाई. जसा होता तसाच राहते. मंग त्याले थोडा थोडा कलता करून गंज, पन्नास-साठ फोटो काढते अन् कंप्युटरवर जोडते. हा किडा रक्ताच्या लाल दाण्यात घुसून वाढते अन् मंग दाणा फोडून बाहेर निघते. कुठून फोडते, कसा फोडते, ते तिले पाहाचं होतं.

पुण्यात पाळलेले किडे होते, पण तिचा तिथला साहेब म्हणे, जंगलातला ताजा आण. रीना छाती ठोकून बोलली, माह्या गावात भेटते. पावसाळ्यात आमच्या इथी गंज लोकायच्या आंगात किडा राहते अन् ताप नसते. दिवाळीच्या आत नाई आणला तं काम दुसऱ्याले जाणार होतं अन् तिची नोकरीही तिथीच संपणार होती.

पोळा झाला अन् ती आली. गोटुलासमोर, जिथी आमच्या गावाची बैठक होते, सारं गाव बसवलं. म्हणे, "मले रक्त पायजे. किडेवालं पायजे. साफ असन तं माह्या कामाचं नाई. ज्याच्यात किडा निघन त्याले पोचूभाऊ लगेच दवाई देईन." पोचू म्हणजे आमच्याकडं हिवतापाच्या स्लाईडी घेणारा. सगळ्यायनं मुंड्या हालवल्या. रीना बाकीचं सामान आणाले तालुक्याले गेली, तीन दिवसांनी येतो म्हणली.

त्या तीन दिवसांत वारलू घरोघरी फिरला. आमच्याही दारात आला. "भागीरथाबाई, ठेवलेल्या गोळ्या असन तं खाऊन घ्या."

आमच्या इथी हिवाच्या गोळ्या कोणी पुऱ्या खात नाई. ताप उतरला का उरलेल्या छपरात खोचून ठेवते, पुढच्या खेपेले कामी येते म्हणून. पोचू त्याच्यापायी ओरडून ओरडून थकला.

मी म्हटलं, "अगा वारलूभाऊ, तुही पोरगी तं किडेवालं मागून राह्यली."

"तिनं मागितलं म्हणून आपण द्याचं काय? पाहुणा म्हणते, शिळं असन तं शिळं चालन. म्हणून तुमी शिळं वाढता काय? लाजते ते. मोठमोठे साहेब पाहणार हाय आपलं रक्त."

मलेही पटलं, आता खोटं काऊन बोलू. माह्या छपरात चार होत्या, चारही खाल्ल्या.

चौथ्या दिवशी एकेचाळीस माणसायचे बोटं टोचले. पोचू स्लाईड बनवे अन् रीना लहान दुर्बिणीत पाहे. जेवणाची वेळ टळली तरी एकही नाई. पोचू डोकं खाजवत म्हणे, "मॅडम, या दिवसांत इथी दहातले चार निघते. बारा वर्षांत असं गाव नाई पाह्यलं मी."

तिकडून आमच्याच गावचा चैतू ओरडला, "निघन कसा? मी तं सात खाल्ल्या! कान वाजून राह्यले माहे, पण रक्त एकदम फस्टकिलास!"

चैतूले सांगतो तरी कोण चूप राहाले.

रीनानं बापाकडं पाह्यलं. "बा, तू सांगितलं?"

"तुह्यासाठीच सांगितलं."

"मी किडेवालं मागितलं होतं."

"ते तं तू म्हणणारच."

सोनीबाई बोलली, "त्या पोट्टीनं आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या गावाले काही मागितलं, तं तेही धुऊन दिलं!"

रीना रडली नाई, भांडली नाई. हातमोजे काढले अन् पोचूले घेऊन नकाशा पाहात बसली. तीन नाले ओलांडून एक गाव हाय, तिथं आमची सोयरीक नाई, वारलूले कोणी ओळखत नाई. दुसऱ्या दिवशी तिथी निघाली. वारलू रक्ताच्या बाटल्यायचा डबा उचलून मागं चालला.

"बा, तू नोको येऊ."

"डबा जड हाय."

"तू आला तं तेही गाव रक्त धुऊन देईन."

पहिल्या नाल्यापावतर गेला अन् डबा पोचूच्या हातात देऊन वापस आला. दिवसभर जेवला नाई.

पुढचं मले रीनानंच सांगितलं. त्या गावात ती कोणाची हाय हे सांगितलंच नाई. कागद वाचून दाखवला, अंगठे घेतले, सारं हिंदीत. पुण्याची मॅडम एवढंच. बाया तिच्यासमोरच गोंडीत बोलून राह्यल्या. एक म्हणे, "किती वाळली हाय, घरी कोणी जेवाले देत नसन." दुसरी म्हणे, "नवराही भेटला नसन, म्हणून लोकायचं रक्त मागत फिरते." रीनाले सारं समजे, पण ती बोटं टोचत राह्यली. गोंडीत बोलली असती तं कोणाची कोण ते निघालं असतं, अन् मंग तिथीही घरोघरी गोळ्या निघाल्या असत्या.

नऊ जणायच्या आंगात किडा निघाला. डब्यात बर्फ नव्हता, कोंबडीच्या पोटाखालच्या अंड्याएवढं गरम ठेवलं होतं, किडा जिता राहाले पायजे म्हणून. पोचू तिथीच थांबला अन् तीन दिवस सगळ्यायले समोर बसवून पुऱ्या गोळ्या खाऊ घातल्या, छपरात खोचाले एकही ठेवली नाई. रीना जीपनं नागपूर, तिथून विमानानं पुण्याले. नऊपैकी सात बाटल्या कामाच्या निघाल्या.

दिवाळी झाल्यावर आली. नोकरी आणखी एका वर्षानं वाढली होती. संगं एक मोठा फोटो होता. करड्या रंगाचा, मले तं फुटलेल्या बोराच्या आठुळीसारखा दिसला. ती म्हणे, हे दार, इथून निघते. सोनीबाईनं फोटो हातात घेतला, खूप वेळ पाह्यला, अन् म्हणे, "एवढंसं हाय होय ते." मंग चूल फुंकाले गेली.

वारलूनं तो फोटो भिंतीवर लावला. परवा एक फॉरेस्टगार्ड पाणी प्याले थांबला, त्यानं विचारलं, "हे काय हाय गा?"

वारलू म्हणे, "हिवाचा किडा. तिकडच्या गावचा हाय. आमच्या गावात माह्या पोरीनं एकेचाळीस माणसं तपासले, एकही नाई भेटला."

रीना आतमधीच होती. गार्ड गेल्यावर बाहेर आली अन् म्हणे, "बा, पुढच्या पावसाळ्यात मले पुन्हा रक्त लागणार हाय."

"घे ना. सारं गाव देईन."

"तुमचं नोको," म्हणे. अन् बापाच्या ताटात भाकर वाढली.