सुभेदार बाळंत झाले

नातवाने दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटच्या बाल्कनीत कूलर लावला. ओल्या वाळ्याचा वास आला आणि मला दिल्ली छावणीतलं आमचं जुनं क्वार्टर आठवलं.

हे फौजेत हवालदार होते. आमच्या सुमीने हट्ट करून बाजारातून नुकताच ससा आणवला होता. तो हुकूम सोडल्यासारखा पाय आपटायचा, म्हणून ह्यांनी त्याचं नाव सुभेदार ठेवलं. त्याने माझ्या चपला कुरतडल्या. "आता एक जरी वस्तू कुरतडली तर देऊन टाकेन," असं मी बजावलं होतं.

उन्हाळा लागला. पलंगाखालची कूलरची वाळ्याची जाळी ओढली, तर मधोमध भोक आणि त्यात सुभेदार बसलेला.

"आई, नको ना देऊस त्याला!" सुमी रडायला लागली.

मी सशाला उचललं. खाली कुरतडलेल्या वाळ्यात चार गुलाबी पिल्लं वळवळत होती.

हे म्हणाले, "अच्छा, सुभेदार बाळंत झाले! आता काढ बाहेर."

"बाळंतिणीला कोण बाहेर काढतं?" मी खेकसले आणि मेथीची जुडी तिच्यापुढे टाकली.

जाळी पिल्लांखालीच राहिली. कूलर गरम वारा फेकत होता आणि आम्ही घामाने निथळत पिल्लं बघत होतो. तेव्हा मला हरल्यासारखं वाटलं होतं. आता वाटतं, बरं झालं हरले.

नातवाला मात्र विचारलंच, "जाळी लावण्याआधी खाली बघितलंस ना?"