फुडचं त्या बांधाला

इमलआत्याला एकाही मालिकेचं नाव माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी साडेसातपासून ती टीव्हीसमोर बसायची, पण नाव विचारलं की म्हणायची, "नाव कशाला पायजे? रेशनकार्डात घालायचंय का?" तिच्या लेखी मालिका ओळखायच्या खुणेनं. एक ठुशीवालीची. एक दोन बायकांच्या इन्स्पेक्टरची. एक सारखा चष्मा पुसणाऱ्या डॉक्टरची. त्या डॉक्टरवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "चष्मा पुसला की समजायचं, आता ह्यो खोटं बोलनार," असं ती सांगायची, आणि तो हमखास बोलायचा.

आत्या आमच्या निरवांगीत खुरपणीला जाणाऱ्या बायकांच्या टोळीची म्होरकी. सकाळी रानात गेलं की पात लागायची, म्हणजे प्रत्येक बाई आपापली ओळ धरून बसायची. आत्या बरोबर मधली ओळ घ्यायची. खुरपं मातीला लागलं की कालचा भाग सुरू. मधली ओळ अशासाठी, की दोन्ही टोकांच्या बायकांना ऐकू जावं. तिला स्वतःला मात्र उजव्या बाजूचंच ऐकू यायचं. डावीकडून कुणी काही विचारलं तर म्हणायची, "त्या अंगानं बोलू नगंस बाई. तो कान मी सासरी ठिवून आलेय." सगळ्या हसायच्या. पहिल्या दिवशी मीही हसले होते.

गोष्ट कुठं तोडायची हे तिला बरोबर कळायचं. ठुशीवालीच्या सासूनं कपाट उघडलं, आत हात घातला, आणि इथं आत्या तोंड मिटायची. "अगं, काय घावलं कपाटात?" म्हणून सगळ्या ओरडायच्या. आत्या मान वर न करता म्हणायची, "फुडचं त्या बांधाला." बांध शे-दीडशे पावलं लांब असायचा. मग अशी खुरपी चालायची की बघणाऱ्याला वाटावं, आज या बायका रोजावर नाहीत, उक्त्यावर आल्यात. रानाचे मालक तात्या खांद्यावर फावडं टाकून पाणी बघायच्या निमित्तानं बांधावर यायचे आणि तिथंच घुटमळायचे. एकदा न राहवून म्हणाले, "इमल, त्यो डॉक्टर घावला का गं?"

"तात्या, तुमच्या घरात भिंतीएवढा टीव्ही हाय की."

"हाय. पर त्यात लई जाहिराती असत्यात," तात्या म्हणाले आणि पाणी न बघताच गेले.

खरं म्हणजे टोळीतल्या सगळ्याच बायकांच्या घरी टीव्ही होता. तरी त्या आत्याकडून ऐकायच्या, कारण आत्याच्या तोंडून गोष्ट जास्त रंगायची. टीव्ही नव्हता तो फक्त माझ्याकडे. मी आईजवळ मळ्यातल्या खोलीत राहत होते. गावातलं घर दादाचं, टीव्हीही दादाचा, आणि दादा माझ्याशी धड बोलत नव्हता. मोबाईल नवऱ्यानं काढून घेतलेला, त्यामुळं आईचा बटणांचा फोन दोघींत एक.

सांगायला लाज वाटण्याचे दिवस आता गेले, म्हणून सरळ सांगते. नवरा मारायचा. सव्वा वर्ष सोसलं आणि एके दिवशी एका पिशवीनिशी माहेरी आले. दादाचं म्हणणं एकच, लग्न केलंय ते नांदायला. चुलत्यांचं म्हणणं, संसारात भांड्याला भांडं लागायचंच. आई नुसती रडायची. माझं मला कळत नव्हतं. सकाळी वाटायचं, मेले तरी जाणार नाही. संध्याकाळी वाटायचं, जाऊन टाकावं, निदान आईचं रडणं तरी थांबेल. आत्या एक दिवस मळ्यावर आली, माझ्या हातात खुरपं दिलं आणि म्हणाली, "उद्यापास्नं माझ्या उजव्या अंगाला बस." सल्ला म्हणून एक शब्द बोलली नाही.

योगायोग असा की त्याच सुमारास ठुशीवालीही नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली. मला रोज सकाळची ओढ लागली. काल तिचा भाऊ काय म्हणाला, शेजारणीनं कसा टोमणा मारला, तिची आई कशी रडली. आत्या सगळं सांगायची, वर आपली पुरवणी जोडायची. "भाऊ म्हनला, लोक काय म्हनतील. आता बघा, लोकं हितं एका बाईला दोन टाईम भाकर घालत न्हाईत आन् म्हनायला मातुर फुडं!" मी कांद्यातलं गवत काढत ऐकायची. ठुशीवाली माझ्यापेक्षा गोरी होती, तिच्या माहेरी जिना होता आणि झोपतानाही तिच्या गळ्यात ठुशी असायची म्हणे. तरी ती मला सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची झाली.

मग मला न्यायला पाहुणे यायचे ठरले. रविवारी बैठक. आणि नेमकी शुक्रवारी मालिकेतही ठुशीवालीची बैठक बसली. शनिवारी सकाळी पात लागली तेव्हा गवताबरोबर मी कांद्याची रोपंही उपटत होते. आत्यानं त्या दिवशी गोष्ट दोनदा तोडली. पहिल्या बांधापर्यंत सगळे पुरुष बोलत होते, ठुशीवाली खाली मान घालून बसलेली. दुसऱ्या बांधापर्यंत तिनं हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला आणि उभी राहिली.

"काय म्हनली मग?" मी विचारलं. एरवी मी कधी विचारत नसे.

आत्यानं खुरपं थांबवलं. "म्हनली, मला न्यायचं कवा हे समदे इचारत्यात. मारलं का, हे त्याला एकानं तरी इचारलं का? आधी ते इचारा. तवर मी हितंच राबून खाईन."

"गेली न्हाय?"

"न्हाय गेली."

टोळीत कुणी हूं की चूं केलं नाही. सुमननंसुद्धा नाही, आणि सुमनच्या तोंडात एरवी तीळ भिजत नाही.

रविवारी आमच्या मळ्यात सतरंजी अंथरली, पाहुणे आले, दादानं टोपी नीट केली. मी चहा घेऊन गेले, ट्रे खाली ठेवला आणि तेच वाक्य म्हणाले, शब्दाला शब्द. आवाज चिरकला, पण म्हणाले. चुलत्यांनी नवऱ्याकडं पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला विचारलं, "व्हय रं, मारतोस का?" तो चप्पल शोधायला लागला. मी गेले नाही.

पुढं सहा महिन्यांनी मला बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या पॅकिंगमध्ये काम लागलं. चार मुलींबरोबर एका खोलीत राहू लागले. जायच्या दिवशी आत्या एसटीपर्यंत आली. ठुशीवालीचं पुढं काय होतंय विचारलं तर म्हणाली, "तू तुझं बघ. तिचं मी बघते." दर रविवारी तिला फोन करायचा असं ठरलं. मी आठवडाभराचं सगळं सांगायची. डोक्याला जाळीची टोपी घालावी लागते, पहिल्या आठवड्यात माझ्या हातून पिशव्या फुटल्या आणि मी संडासात जाऊन रडले, स्कूटी शिकताना एका टपरीत घुसले. आत्या खोदून खोदून विचारायची. "टपरीवाला काय म्हनला? शर्ट कुठल्या रंगाचा?" मला वाटायचं, म्हातारीला करमत नाही.

पगारातून मी पहिल्यांदा स्वतःचा मोबाईल घेतला तो मालिका बघायलाच. गेल्या काही वर्षांत रग्गड बघितल्या. पोलिसांच्या बघितल्या, त्यात शिव्या फार आणि तपास कमी. खेड्याच्या बघितल्या, त्यात खेड्यातल्या बायका शेणाला हात लावताना नाक मुरडतात. कोरियातल्या बघितल्या, त्या आवडल्या, कारण तिथले पुरुष जेवण वाढतात. आपल्या मराठी मालिकांत प्रत्येक वाक्यानंतर तीन वेळा वीज कडाडते आणि सगळ्यांची तोंडं एकेक करून दाखवतात, तेवढ्यात माझ्या भाकरी होतात. चांगल्याही असतात, नाही असं नाही. पण आत्यासारखं सांगणारं कुणी भेटलं नाही. बघताना सारखं वाटायचं, आत्यानं गोष्ट इथं तोडली असती.

एकदा जेवणाच्या सुट्टीत जुन्या मालिकांचा विषय निघाला. मी ठुशीवालीच्या बैठकीचं सांगितलं, अगदी अंगावर काटा येईल असं. माझ्या शेजारी काम करणारी रूपाली म्हणाली, "ताई, ती तर परत गेली ना नवऱ्याकडं." मी पैजेवर आले. रूपालीनं मोबाईलवर भाग लावला. बैठक बसली. ठुशीवालीनं ट्रे खाली ठेवला, डोळे पुसले आणि वडिलांच्या पाया पडली. मग गाडी, मागं गाणं, दारात माप ओलांडणं. पुढच्या काही भागांत नवरा आजारी पडला, तिनं सेवा केली आणि तो सुधारला. मी डबा तसाच झाकून ठेवला.

मला राग आला होता, उगीच कशाला लपवू? इतके दिवस मी स्वतःला धीराची समजत होते, आणि तो धीर म्हणजे एका बाईनं रचलेली थाप. सुट्टीच्या दिवशी एसटी पकडून निरवांगीला गेले. आत्या दारात शेंगा फोडत होती. मी तिच्या उजव्या बाजूला बसले आणि म्हणाले, "ठुशीवाली परत गेली होती."

"बघितलंस व्हय," ती म्हणाली. दोन शेंगा फोडल्या. "गेलती मसनी. मी तर त्या दिशी जेवले बी न्हाय."

"मग मला खोटं का सांगितलं?"

"लिवनाऱ्याचं काय गं, त्याला वरीसभर मालिका चालवायची असती. ती गेली न्हाय तर तो छळनार कुनाला? तुझं तसं हाय का?" मग तिनं डाव्या कानावरचा पदर मागं सारला. "मी पयल्यांदा म्हायेरी आले तवा दोन्ही कान हुते. बानं समजूत घातली, परत धाडली. दुसऱ्यांदा आले ती ह्यो एक घिऊन."

इतकी वर्षं आम्ही बायका त्या कानावर हसत होतो आणि ती आम्हाला हसू देत होती. मग मी म्हणाले, "पण आत्या, म्हणजे माझं असं काहीच नव्हतं. मी तू सांगितलेलं बोलले."

"खोटं म्या सांगितलं. पर बैठकीत उभी ऱ्हायली कोन? मी हुते का तितं?" असं म्हणून तिनं मूठभर शेंगदाणे माझ्या ओंजळीत टाकले. "खा. वाळलीयास."

यंदा पावसाळा सरता सरता आत्या गेली. सोमवारी रानात छातीत दुखायला लागलं आणि मंगळवारी संपलं. नीरेच्या काठी दहावा झाला. नंतर टोळीतल्या बायका तिच्या दारात बसल्या होत्या, मी त्यांच्यात जाऊन बसले. मनात बरेच दिवस एक प्रश्न होता, तो सुमनला विचारला. "त्या शनिवारी तुम्हाला सगळ्यांना खरं ठाऊक होतं ना?"

"तर! आमी बारा जनी रातीच बघून आलेलो," सुमन म्हणाली. "आत्यानं उलटंच सांगाय सुरवात केली. मी तोंड उघडनार, तर तिनं निस्तं माझ्याकडं बघितलं. मग कळलं, तुझी बैठक उद्या हाय. घरी जाऊन पोरास्नी बी दम दिला, हिच्याम्होरं बोलायचं न्हाय म्हनून."

मी पदर डोळ्याला लावला. सुमन म्हणाली, "आन् तू गेल्यावर ठुशीवालीचं काय झालं, ते ठावं हाय का?"

"मालिका तर तेव्हाच संपली."

"टीव्हीतली संपली. आत्याची कुठं संपली? ठुशीवाली बारामतीला दुधाच्या कारखान्यात लागली की. डोक्याला जाळीची टोपी घालती. पयल्या आठवड्यात पिशव्या फोडल्या आन् संडासात जाऊन रडली." दुसरी म्हणाली, "मग स्कूटी घिऊन टपरीत घुसली. टपरीवाल्याचा शर्ट निळा हुता." तिसरी म्हणाली, "दर सोमवारी नवा भाग असायचा. आमी त्या पायी सोमवारी खाडा करत नव्हतो."

माझे सगळे रविवार त्यांना पाठ होते.

"पर त्या सोमवारी निम्मंच ऱ्हायलं बघ," सुमन म्हणाली. "ठुशीवालीनं ठरवलं, आता आईला शहरात न्यायची, सवताची खोली घ्यायची. खोली बघायला गेली. घरमालकिनीनं दार उघडलं आन् इचारलं, नवरा कुठंय? हितं आत्यानं तोडली. फुडचं त्या बांधाला म्हनली. बांध काय आला न्हाय." तिनं नाक पुसलं. "मग? काय म्हनली ती?"

बाराही जणी माझ्याकडं बघत होत्या. त्या शेवटच्या रविवारी फोनवर आत्याला मी उत्तरही सांगितलं होतं. ते तिनं बांधासाठी राखून ठेवलं होतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"सोमवारी रजा टाकते," मी म्हणाले. "मला मधली ओळ ठेवा."