पूर कुठवर चढतो, हे शिकवणारे चौखंडे साहेब

वसंतराव चौखंडे साहेबांची आणि माझी पहिली भेट मेळघाटातल्या सेमाडोहच्या विश्रामगृहात झाली. मी अकोल्याहून आलेला नवा कनिष्ठ अभियंता, ते उपअभियंता. माझ्या हातातला नकाशा गुंडाळून त्यांनी मला परत दिला. म्हणाले, "हा राहू दे. पयले नाल्याले इचार, तो कुठवर येते ते."

जंगलातल्या एका वस्तीपर्यंत रस्ता न्यायचा होता आणि वाटेत मोठा नाला होता. पावसाळ्यात तिथली माणसं आजाऱ्याला खाटेवर घालून तो ओलांडत. पुराची उंची झाडाझुडपांत अडकलेल्या गवतकाड्यांवरून ओळखायची, हे साहेबांनीच मला शिकवलं. मे महिन्यात मी एकटा गेलो, काठावरच्या झाडाच्या बेचक्यात उंचावर गवत पाहिलं आणि तीच पूररेषा धरून भलामोठा पूल आखला. स्वतःवर भलताच खूश होतो.

साहेबांनी माझा पूररेषेचा आकडा वाचला. दुसऱ्या दिवशी मला त्याच झाडाखाली घेऊन गेले.

"काहून गा, पूर काय पेंढ्या बांधून जाते?"

मी वर पाहिलं. कुणीतरी बैलांसाठी चारा बांधून ठेवला होता! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात चाऱ्याचे मालक, वस्तीवरचे एक म्हातारे, तिथं आले. साहेबांनी त्यांना आदरानं शेजारी बसवून विचारलं. त्यांनी खडकावर काठी टेकवली, "बड़ा पूर आया तो इत्ता." ती खूण माझ्या रेषेच्या पुष्कळ खाली होती.

माझा आराखडा वर गेला असता, तर खर्चापायी परत आला असता आणि वस्तीचा रस्ता कागदावरच राहिला असता. साहेबांनी हे कचेरीत कुणालाही सांगितलं नाही. उलट खडकावरची खूण कनिष्ठ अभियंत्यांनी शोधली, असं अहवालात लिहिलं. तो मोठेपणा मी विसरू शकत नाही, म्हणून आज मीच हे उघड करतो आहे.

पुढे तिथं तीन रुंद गाळ्यांची मोरी, म्हणजे बुटका पूल, झाली. ठेकेदार गाळ्यांऐवजी स्वस्तातले सिमेंटचे नळ टाकू म्हणत होता. "सागाचा पाला अडकला का तू येशील काढाले?" एवढं विचारून साहेबांनी त्याला गाळेच बांधायला लावले.

निवृत्तीनंतर साहेब मूर्तिजापुरात राहतात. मेळघाटात पाऊस लागला की त्यांचा फोन ठरलेला. गेल्या पावसाळ्यात मात्र मोरीजवळून मीच आधी केला. "साहेब, पाणी खडकावरच्या खुणेला टेकलं. मोरीवरून रुग्णवाहिका आत्ताच गेली."

त्यांनी विचारलं, "आन् झाडावरचा चारा?"

"कोरडा आहे, साहेब."

पंच्याहत्तरी गाठलेल्या साहेबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. दर पुराला त्यांनी हेच विचारावं आणि मला हेच उत्तर देता यावं.