विनायक पेटीवाल्याचा कान

कोणतीही नवी वस्तू हातात दिली की विनायकभाऊ आधी ती उलटी करायचे आणि विचारायचे, "स्क्रू कुठं हाय?"

फोन असो, मिक्सर असो, नाहीतर पोरांचं बोलणारं खेळणं. स्क्रू दिसला की वस्तू पास. नाही दिसला तर परत देत म्हणायचे, "हे दुरुस्तीसाठी नाही बनवलं. फेकासाठी बनवलं."

पांढुर्ण्यात स्टेशनकडून बाजाराकडे येताना डाव्या हाताला त्यांचं लहानसं दुकान आहे, मागेच घर. पाटीवर अजूनही 'कळंबे रेडिओ सर्व्हिस' लिहिलेलं आहे. रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर गेले, मग उरल्या हार्मोनियम. सौंसर, लोधीखेडा, तिगाव, इकडे वरूडपर्यंतच्या भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्याकडे येत. लोक त्यांना पेटीवालेच म्हणू लागले.

मी पोस्टातून रिटायर झालो तेव्हापासून रोज सकाळी वर्तमानपत्र घेऊन तिथे जाऊन बसतो. विनायकभाऊ मला बाबूजी म्हणतात. मी वाचायचं, त्यांनी बोलायचं, असं ठरूनच गेलं होतं. त्यांना राजकारणात रस नव्हता. फोनच्या आणि मशीनच्या बातम्या आधी वाचायला लावायचे. एकदा पाच कॅमेऱ्यांच्या फोनची बातमी आली. "पाच डोळे, अना कान एकही बराबर नाही," ते म्हणाले. परदेशातल्या कोण्या कंपनीने हजारो माणसं कमी केली, आता त्यांचं काम कॉम्प्युटर करणार, असं मी वाचलं तेव्हा हातातली कानस त्यांनी खाली ठेवली. त्यांचा मुलगा मयूर पुण्यात अशाच एका कंपनीत आहे. मग म्हणाले, "माणूस काढून मशीन ठेवली. मशीन बंद पडली त कोणाले बोलावतीन?"

मला स्वतःचं मत नसतं, असं माझ्या घरचे म्हणतात. असतं, पण ते बोलायला तयार होईपर्यंत विषय बदललेला असतो. विनायकभाऊंसमोर ही अडचण नव्हती. त्यांची मतं दोघांना पुरायची.

त्यांचं काम मी वर्षानुवर्षं पाहिलं, म्हणून थोडं सांगू शकतो. पेटीच्या एका पट्टीखाली दोन सूर असतात, एक खर्जाचा, एक वरचा. सूर म्हणजे पितळेची एक पात. टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. दोन्ही सूर जुळलेले नसतील तर आवाजात एक लहर येते, वांव वांव अशी. घासता घासता लहर लांब होत जाते आणि मग थांबते. थांबली की काम झालं. एक कानस जास्त पडली तर पात गेली. विनायकभाऊ लहर थांबायच्या एक घास आधीच हात उचलायचे. उरलेलं पात स्वतः करते, म्हणायचे.

त्यांचे कान सत्तरीच्या आतच जाऊ लागले. त्यांनी लपवलं. गिऱ्हाईक काहीही बोललं तरी "हो ना, हो ना" म्हणायचे. उषावहिनी मोठ्याने बोलू लागल्या, मग आणखी मोठ्याने. शेवटी त्यांचा गळाच बसला, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी महिनाभर आवाज चढवायची मनाई केली. वहिनी मला म्हणाल्या, अगदी घोगऱ्या आवाजात, "भाऊजी, दोन वर्षं झाले, घरातली एक गोष्ट घरात नाही राहिली. भाजीत मीठ कमी आहे का विचारलं त शेजारचे सांगतात."

मयूर पुढच्याच आठवड्यात आला आणि बापाला नागपूरला घेऊन गेला. कानामागे बसणारी बदामाएवढी मशीन घेऊन ते परतले. दुकानात आल्यावर त्यांनी ती काढली, उलटी केली, सगळीकडून पाहिली. स्क्रू कुठेच नव्हता. तरी त्यांनी ती पुन्हा कानात घातली. वहिनींचा बसलेला गळा त्यांना दिसत होता.

बोलणं स्वच्छ ऐकू येऊ लागलं. पण पेटीवर सूर धरला की एका श्वासात तो विरून जायचा, नाहीतर थरथरायचा. नागपूरच्या दवाखान्यातल्या मुलीने समजावलं की मशीनला माणसाचं बोलणं कळतं. एकसारखा लांब आवाज आला की तिला वाटतं शिट्टी वाजते आहे, बिघाड आहे, म्हणून ती दाबून टाकते.

"म्हणजे सूर हा बिघाड," विनायकभाऊ म्हणाले.

मुलगी हसली आणि तिने त्यांच्या फोनमधल्या मशीनच्या ॲपमध्ये 'संगीत' नावाचं बटण दाखवलं. रोज सकाळी चार्जिंगवरून मशीन काढली की ती बोलण्यावरच सुरू व्हायची; मग फोनवर ते बटण दाबायचं. त्या दिवशी दुकानात येऊन त्यांनी ते दाबलं आणि काळी दोनच्या पट्टीवर बोट ठेवून भाता ओढत राहिले. मी वाचायला सुरुवात केली तर दुसऱ्या हाताने थांबवलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. बाहेर दोन संत्र्याच्या गाड्या आल्या आणि निघून गेल्या.

जवळपास दोन वर्षं हे असं चाललं. त्यांनी मशीनविषयी वाईट बोलणं सोडलं.

आता मला यातल्या माझ्या वाट्याकडे यावं लागतं. गेल्या दिवाळीत मयूरने वडिलांना नवीन फोन आणला. जुना फोन लोधीखेड्याला त्यांच्या मोठ्या बहिणीकडे, केसरबाईंकडे जाणार होता. आमच्याकडे जुने फोन असेच खेड्यावर जातात. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात एक सल्ला आला होता: जुना फोन दुसऱ्याला देण्याआधी त्यातलं सगळं पुसा, नाहीतर फसवणूक होऊ शकते. मी तो कात्रीने कापला आणि घेऊन गेलो. चाळीस वर्षांच्या ओळखीत मी विनायकभाऊंना दिलेला हा पहिला सल्ला असावा.

मयूरने वाचून म्हटलं, "काका, एकदम बरोबर. मी आजच करतो."

विनायकभाऊ म्हणाले, "पाहा, बाबूजी बी आता मशीनवाले झाले." मला इतकं बरं वाटलं की मी लांबच्या रस्त्याने घरी गेलो.

मयूरने नव्या फोनमध्ये नंबर घेतले, फोटो घेतले, जुना फोन कोरा केला आणि केसरबाईंकडे पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबायला ॲप शोधलं तर नव्या फोनवर ते मिळेनाच. मयूरने कुठून तरी मिळवून फोनमध्ये घातलं, तर ते उघडून नुसतं फिरत राहिलं. कंपनीकडून उत्तरच येत नव्हतं. नागपूरहून कळलं की ती कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली आणि जुन्या मशीनचं सगळं बंद केलं. ज्यांच्या फोनमध्ये आधीपासून आहे, त्यांचं चालतं तोवर चालेल. तुम्ही नवीन मशीन घ्या. नवीनमध्ये संगीत आहे का, विचारलं, तर म्हणाले, त्यात तसं वेगळं बटण नाही, ती आपोआप ओळखते. काय ओळखते, ते आम्हाला माहीत झालेलं होतं.

घरी येऊन मी जुनी वर्तमानपत्रं चाळली. ऑगस्टच्या एका अंकात ती बातमी सापडली, तीन ओळींची. मशीनच्या डबीवर दुसरं नाव होतं, म्हणून आमच्या लक्षात आलं नव्हतं. ती मीच त्यांना वाचून दाखवली होती. त्यावर ते म्हणाले होते, "कंपनी कंपनीले गिळते, मासा माशाले. आपल्या ताटात काय फरक पडते?"

एक आशा म्हणून आम्ही दोघे बसने लोधीखेड्याला गेलो. केसरबाई ओसरीत कापूस निवडत होत्या. कारण ऐकण्याआधीच म्हणाल्या, "दिवाळीचं दिलेलं परत मांगाले आला का रे इन्या? लहानपणी भोवरा बी असाच दिला होता तुनं."

"मांगून नाही राहिलो बाई. फक्त पाहू दे."

"पाह्य. पण ऋतुजाचे फोटो नको पुसू. पणती हाय माझी."

फोनमध्ये ऋतुजाचे फोटो होते, बाकी काही नव्हतं. विनायकभाऊंनी एकेक फोटो शेवटपर्यंत पाहिला, पोरगी बापावर गेली म्हणाले आणि फोन परत दिला. येताना बसमध्ये ते खिडकीबाहेर पाहत होते.

तेव्हा त्यांच्याकडे आमच्याच मंडळाची पेटी आलेली होती. मी त्या मंडळात टाळ वाजवतो. ती त्यांनी मशीन घालूनच जुळवली. लहर सुरात आहे की मशीनमध्ये, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, तरी त्यांनी जुळवली. गुरुवारी दत्ताच्या मंदिरात हेमराजने पहिलं भजन उचललं. तो आमचा गाणारा. त्याचा गळा त्याच पेटीवर घडलेला. दुसऱ्या ओळीला त्याने मधल्या सुरांवरून खाली उतरायला घेतलं आणि थांबला. घसा साफ करून पुन्हा घेतलं, पुन्हा थांबला. मग पेटी बाजूला सरकवून नुसत्या टाळांवर भजन पूर्ण केलं. विनायकभाऊ मागे भिंतीला टेकून बसले होते. प्रसाद न घेता गेले. ते पहिल्यांदा.

त्यानंतर मी आठ दिवस दुकानात गेलो नाही. वर्तमानपत्र घरीच वाचलं. नवव्या दिवशी उषावहिनींनी निरोप पाठवला की भाऊंनी बोलावलं आहे. गेलो तर पेटी उघडून ठेवलेली होती आणि बाजूला नव्या पितळी पाती. मयूरने फोनवर सुई दाखवणारं काहीतरी पाठवलं होतं. सूर बरोबर असला की सुई मध्ये येते.

"पाह्यलं मी ते," विनायकभाऊ म्हणाले. "सुई एकेका सुराले पाहते. शेजारी शेजारी बसल्यावर ते भांडतात का, ते नाही पाहत." मयूरचं म्हणणं चुकीचं होतं असं मला वाटत नाही. पण ती पेटी हेमराजच्या गळ्याची होती, सुईची नव्हती, हेही खरं.

मी उभ्या उभ्याच म्हणालो, "भाऊ, कात्रण मी आणलं होतं."

त्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "अना कंपनी बी तुम्हीच विकली का, बाबूजी?"

आत वहिनी हसल्या. मी हसू शकलो नाही.

"बसा. ही पेटी मले नीट करून द्यायची हाय. खराब मी केली. तुमचा कान लागते."

"मला कुठे समजतं त्यातलं?"

"टाळ कोण वाजवते एवढ्या वर्षांपासून? हेमराज थांबला तेव्हा त्याच्या आधी तुमचा टाळ थांबला होता. मी पाह्यलं. डोळे शाबूत हायेत माझे."

त्यांनी मशीन काढून डबीत ठेवली. आता त्यांना माझं बोलणं ऐकू येणार नव्हतं, म्हणून खूण ठरवली. लहर आहे तोवर मी बोट हलवायचं, लहर लांब झाली की हळू हलवायचं, आणि थांबली की बोट पेटीच्या लाकडावर टेकवायचं. माझा हात वयाने थोडा कापतो. पहिल्याच सुराला ते म्हणाले, "हा सूर हालून राहिला का तुम्ही?" मग मी मनगट दुसऱ्या हाताने धरलं.

सदतीस पट्ट्या होत्या. तीन दिवस लागले. ते भाता ओढत, लाकडातून सूर जाणवावा म्हणून जबडा पेटीच्या कडेला लावत, माझ्या बोटाकडे पाहत आणि घासत. मशीनशिवाय ते पूर्वीसारखे दिसत होते. एकदा मी खात्री नसताना बोट टेकवलं. त्यांनी कानस ठेवली नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी बोट उचलून पुन्हा हलवू लागलो. त्यांनी मान हलवून आणखी एक हलकी घास दिली. त्यानंतर मी उगाच टेकवलं नाही.

शेवटच्या पट्टीवर मी बराच वेळ ऐकत राहिलो. लहर लांब झाली, आणखी लांब, आणि मग मला ती सापडेना. मी बोट टेकवलं.

"पक्कं?" त्यांनी विचारलं.

आयुष्यात मला हा प्रश्न फार वेळा विचारला गेला नाही. मी मान डोलावली. त्यांनी कानस फडक्यात गुंडाळली, सगळी अवजारं डब्यात ठेवली आणि डबा माझ्या बाजूला सरकवला. मी तो घेतला नाही, तेव्हा त्यांनी वरच्या फळीवर ठेवून दिला. मग मशीन कानात घातली आणि आत हाक मारली, "उषा, चहा कर वो. हळूच सांग झाला म्हणून."

ती पेटी त्यांची शेवटची. दुसऱ्या गावचे लोक पेट्या घेऊन येतात त्यांना ते नागपूरचा पत्ता देतात.

त्या गुरुवारी ते मंदिरात नेहमीच्या जागी, मागे भिंतीला टेकून बसले. मशीन त्यांच्या कानातच होती; वहिनी शेजारी होत्या. हेमराजने पेटीवर सूर धरला आणि त्यात आवाज मिसळला. मी टाळ उचलले नव्हते. विनायकभाऊंच्या कानात तो सूर एका श्वासातच बुडाला असेल. ते हेमराजकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते.

मी उजवं मनगट डाव्या हाताने धरलं आणि बोट समोरच्या फरशीवर टेकवलं. भजनाची पहिली ओळ संपेपर्यंत ते तिथेच ठेवलं.